माठाच्या वर

बाणाचा हात झाला, आणि जिथं व्हायला नको तिथं झाला.

गोरख खुर्चीत जरा पुढे सरकला. मंगळवारची सकाळ होती, मंचरच्या एसटी स्टँडसमोरच्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस नेहमीसारखंच होतं, पंखा कुरकुरत होता, खाली कंडक्टर भीमाशंकरच्या गाडीत माणसं कोंबत होता. पडद्यावर एक फोटो उघडा होता. फोटोवरून माउस फिरवला की मोकळ्या जागेवर बाण हा बाणच राहतो. ज्या जागेवर दाबलं की पुढचं पान उघडतं तिथं तो गेला की त्याचा हात होतो, एक बोट पुढे काढलेला छोटासा पांढरा हात. चौदा वर्षं गोरख हेच करत आला होता. फुलाच्या चित्रात पाकळीवर दाबलं की पाकळीचं पान, हृदयाच्या चित्रात डाव्या कप्प्यावर दाबलं की त्याची माहिती. शाळांच्या डिजिटल पुस्तकांमधल्या असल्या हजारो चित्रांवर त्यानं न दिसणारे चौकोन आणि गोल काढले होते. पोरांना ते दिसत नाहीत, शिक्षकांनाही दिसत नाहीत. दिसतो फक्त हात. आणि आता तो हात ठकूकाकूच्या दारावर उमटला होता. त्या दारावर गोरखनं कधी काही ठेवलेलंच नव्हतं.

हे सगळं निघालं ते सावळेराम सरांमुळे. सर म्हणजे ऑफिसचे मालक, हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अजूनही कुणाला काम सांगताना टेबलावर बोटांनी ठेका धरणारे. आल्या आल्या म्हणाले, "गोरख, ते आईसाठी केलं होतंस ना, फोटोवर बोट ठेवलं की बोलायचं, ते काढून ठेव रे जरा. डॉक्टरांकडं एक पेशंट आहे, वाचा गेलेला. तेवढा फोटो बदलून देऊ." गोरख हो म्हणाला. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. आई जाऊन दहा महिने झाले होते, दिवसकार्य झालं होतं, तिच्या औषधांचा डबासुद्धा कुणाला तरी देऊन झाला होता. पाच मिनिटांचं काम आहे, असं मनाशी म्हणत त्यानं फाइल उघडली आणि आईच्या खाटेवरून दिसणारं अंगण समोर आलं.

डिंगोऱ्याच्या घराचा तो फोटो त्यानं स्वतः काढलेला होता. पडवीत आईच्या उशाशी उभं राहून, जानेवारीतल्या कोवळ्या उन्हात. डावीकडं स्टुलावर औषधांचा डबा, वर पंखा, आतल्या खोलीच्या दारातून दिसणारा टीव्हीचा कोपरा, देवाचा कोनाडा, चुलीपाशी झाकून ठेवलेली भाकरीची टोपली, अंगणाच्या कडेला संडासाचं निळं दार, आणि मधोमध तिवईवर माठ. माठामागं कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडं काकूचं घर, काकूचं दार. गोरखनं सात जागा आखल्या होत्या आणि त्या त्याला तोंडपाठ होत्या. आठवी नव्हती. तरीही काकूच्या दारावर हात होता. त्यानं दाबलं. पान उघडलं आणि त्याच्या बायकोचा, अश्विनीचा, मुद्दाम सावकाश काढलेला आवाज ऑफिसभर पसरला: "मला पाणी हवंय."

पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली. गोरखनं आवाज बंद केला. मग त्यानं आखणीची खिडकी उघडली, तिथं मात्र सगळे चौकोन रेघांसकट दिसतात. औषधाचा होता, पंख्याचा होता, सगळे आपापल्या वस्तूला चिकटून. माठाचा चौकोन मात्र माठावर थांबलेला नव्हता. तो उंच वाढला होता, भिंतीवरून पलीकडं गेला होता आणि काकूचं दार अख्खंच्या अख्खं गिळून बसला होता. तो कुणी वाढवला हे गोरखला शोधावं लागलं नाही. त्यानंच वाढवला होता. खरं तर त्या दिवशी त्यानं स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. दाराच्या चौकटीला टेकून विटकरी लुगड्यातली एक बाई उभी होती. चेहरा धुरकट होता, पण उभं राहण्याची ढब ओळखू येत होती. एक हात चौकटीवर, एक कमरेवर. पडवीकडं बघत असलेली. चार वर्षांचा असताना गोरख त्याच कमरेवर बसून ओढ्यापर्यंत जायचा.

ठकूकाकू, म्हणजे त्याच्या बहिरूचुलत्याची बायको. तिला मूलबाळ झालं नाही आणि गोरखची आई सारजाबाई दिवसभर वावरात, त्यामुळं गोरख कुणाचा हा प्रश्न घरात कधी कुणाला पडला नाही. जेवायला एकीकडं, झोपायला दुसरीकडं. दोघा भावांनी वाटण्या केल्या तेव्हासुद्धा भांडण झालं नव्हतं; भिंत घातली ती कमरेएवढीच, आणि तीही कोंबड्या इकडच्या तिकडं होऊ नयेत म्हणून. त्या भिंतीवरून कालवणाच्या वाट्या जायच्या, विरजण जायचं, तान्हा गोरखसुद्धा जायचा, असं आई सांगायची. दोघी जावा भिंतीच्या दोन अंगांना उभ्या राहून तासन्‌तास बोलायच्या आणि एकीचा भात करपला तरी दुसरी आधी हसून घ्यायची. मग भिंत तीच राहिली, पण तिच्यावरून काही जाईनासं झालं. हे कशानं झालं, ते गोरख चौदा वर्षं लोकांना एका वाक्यात सांगत आला होता. काकू माझ्या लग्नात हळदीच्या जेवणाचं ताट टाकून निघून गेली. वाक्य खोटं नव्हतं. खोटं नसलेलं वाक्य किती सोयीचं असतं, हे त्याला आज खुर्चीत बसल्या बसल्या कळत होतं आणि त्याचे कान तापले होते.

त्या दिवशी तो पाटावर बसला होता. अंगात जुनं बनियन, भोवती बायका, वर पिवळं कापड धरलेलं, आणि समोर व्हिडिओवाला दिवा घेऊन. बहिरूचुलते जाऊन वर्षही झालं नव्हतं. काकू पहाटेपासून राबत होती, हळद तिनंच दळली होती, जात्यावर त्याच्या नावाच्या ओव्याही तिनंच म्हटल्या होत्या. बायकांच्या गर्दीतून ती पुढं आली आणि तिनं वाटीत दोन बोटं बुडवली. तेवढ्यात आणे गावची आत्या म्हणाली, "ठकू, तू ऱ्हाऊ दे. आदी सवाष्णींना लावू दी." अगदी हळू म्हणाली, प्रेमानंच म्हणाली. त्या 'आदी'नंतर काही येणार नाही हे तिथल्या प्रत्येक बाईला कळलं. काकूनं आत्याकडं बघितलंच नाही. तिनं गोरखकडं बघितलं. आईनंही गोरखकडंच बघितलं. नवरदेवानं म्हटलं असतं, लावू दे काकूला, तर त्या मांडवात कुणाची टाप नव्हती अडवायची. दोन शब्द होते. ते त्याच्या तोंडात आलेही होते. पण कॅमेरा चालू होता, सासरच्या चारजणी पाहुण्या म्हणून आल्या होत्या, आणि उगाच अपशकुन नको, असं कुठूनतरी त्याच्या मनात आलं. शिकलेल्या, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाच्या मनात आलं. त्यानं मान खाली घातली आणि स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत राहिला. काकूनं बोटं पदराला पुसली, आणि जेवायच्या वेळी वाढलेलं ताट टाकून निघून गेली. बोटं पुसतानाची ती व्हिडिओत आहे म्हणतात. गोरखनं ती कॅसेट की सीडी, जे काय होतं ते, पुन्हा कधी लावलं नाही.

त्याला लाज वाटली होती, पण लाज वाटून घेण्यापेक्षा राग धरणं सोपं पडतं. ताट टाकून गेली, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की अश्विनीलाही तेच खरं वाटत आलं. घरात काकूचं नाव निघालं की तो पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवायचा. हळूहळू नावच निघेना. तिकडचं घर, पलीकडचं, भिंतीमागचं, असं म्हणायची सगळ्यांनाच सवय लागली. आई लेकाच्या बाजूनं राहिली, कारण दुसऱ्या बाजूला गेली असती तर लेकाची मान पुन्हा खाली गेली असती. तिनं त्याला कधी दोष दिला नाही. त्यानंही कधी विचारलं नाही.

एकदा मात्र ती बोलली होती. वडिलांना, भगवंतबापूंना, जाऊन वर्ष झालं होतं, आणि ओतूरला एका भाचीची हळद होती. आई मांडवात गेली आणि कुणी काही म्हणायच्या आतच मागच्या भिंतीशी जाऊन बसली, बसकराच्या टोकावर, पदर ओढून. परत येताना मोटारसायकलवर त्याच्या मागं बसली होती. उदापूर मागं पडल्यावर म्हणाली, "गोरख, ठकू कशी उभी ऱ्हायली असंल रं त्या दिशी?" तो म्हणाला, "आई, वारं लागतंय, ऐकू येत नाय." ऐकू आलं होतं. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "एक डाव जाऊन येते तिच्याकडं." त्यावर त्यानं मान न वळवता सांगितलं होतं, "तू थोरली. तू का जायचं? तिला गरज आसंल तर ती यील." आई गप्प झाली. आपण काहीतरी रोखठोक, घरच्या मानाचं बोललो, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

आणि मग डिसेंबरात आईची उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं ते पुढं बरंचसं सरळ झालं, पण वाचा परत आली नाही. कळायचं सगळं. डोळे पूर्वीसारखेच, उलट जास्तच जागे. मंचरला ये म्हटलं तर डावा हात खाटेच्या माचव्याला घट्ट धरून बसली. मग गावातली सरूबाई दिवसभर सोबतीला ठेवली, रात्रीला तिची सून यायची, आणि गोरख शनिवार-रविवारी जायचा. आईला काय हवं ते कुणाला कळायचं नाही. ती घशातून आवाज काढायची, सरूबाई दहा गोष्टी विचारायची, आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेव्हा गोरखला सुचलं, की आपण पोरांसाठी जे करतो ते आईसाठी का करू नये. शब्दांची पानं नकोत, तिला सवयीचं तेच चित्र द्यावं. खाटेवरून रोज दिसतं ते सगळं, जसंच्या तसं. ज्या वस्तूकडं बोट जाईल ते मागता येईल. टॅब तिच्या मांडीवर ठेवला आणि तिनं डाव्या हाताचं बोट पंख्यावर टेकवलं, पंख्याचं पान उघडलं, सरूबाईनं पंखा लावला. आईनं गोरखकडं अशा काही नजरेनं बघितलं की तो उठून मोरीपाशी गेला आणि उगाच तोंड धुऊन आला. आयुष्यात आपण आईसाठी काहीतरी केलं, ही गोष्ट त्यानं ऑफिसात चार जणांना तरी सांगितली.

तीन आठवड्यांनी सरूबाईचा फोन आला होता. "गोरखभाऊ, मावशींचं बोट त्या माठाच्या वर पडतंय बगा. सारखं. दाबत्यात, दाबत्यात, पन कायच व्हत न्हाई. मंग चिडत्यात." गोरख हसला होता. हा तर रोजचा मामला. सावळेराम सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियमच होता: बोट चुकतं असं धरून चालायचं, चौकोन वस्तूपेक्षा मोठा ठेवायचा, पोराला वाटलं पाहिजे की त्याचं बरोबरच आलं. आईचा हात तर थरथरणारा. त्या रविवारी त्यानं आखणीची खिडकी उघडली, माठाच्या चौकोनाची वरची कड पकडली आणि ओढली. मोकळीच तर जागा होती तिथं. दार, उंबरा, भिंत. कशावरच काही नव्हतं, मग माठालाच देऊन टाकली. कामाला एक मिनिटही लागलं नसेल. आईच्या हाताला धरून त्यानं दाखवलंही होतं, "हे बघ, आता कुठंही दाब, चुकणार नाय." तिनं लगेच दाबलं. पाण्याचं पान उघडलं. सरूबाई पेला घेऊन आली. आईनं पेल्याकडं बघितलं, मग गोरखकडं. पुन्हा दाबलं. पुन्हा पाणी. गोरखनं आपल्या हातानं पेला तिच्या ओठांना लावला आणि ती प्याली. आता सगळं लख्ख आठवत होतं. तिनं डोळे मिटून, आवंढे गिळत, सगळा पेला संपवला होता.

पुढचे काही दिवस सरूबाईची तक्रार वेगळी होती. मावशी लई पाणी मागतात, अंथरूण भिजतं. मग तीही तक्रार थांबली. आई टॅब घेईनाशी झाली. पंखा, औषध, एवढ्यापुरतं बोट लावायची, नाहीतर टॅब पालथा घालून ठेवायची. आता तिला फारशी गरज लागत नाही, असं गोरखनं अश्विनीला सांगितलं होतं, आणि जुलैत ती गेली.

गोरख उठून गॅलरीत आला. खाली उसाच्या रसाचं घुंगरू वाजत होतं. आपण उगाच काहीतरी जुळवतोय, त्यानं स्वतःला बजावलं. हात थरथरत होता तिचा. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की नजरेचा आणि हाताचा मेळ बसायला वेळ लागेल. माठावर जायचं बोट दोन इंच वर गेलं, यात काय एवढं? तो जवळजवळ निर्धास्त झाला होता, आणि मग त्याला पंखा आठवला. पंख्याचा चौकोन सगळ्यांत लहान होता, बोटाच्या पेरापेक्षा जरासाच मोठा, कोपऱ्यात. तिथं आईचं बोट एकदाही चुकलं नव्हतं. औषधाचा डबा चुकला नाही, देवाचा कोनाडा चुकला नाही. बोट काय ते एका माठावरच चुकत होतं, आणि दर वेळी एकाच बाजूला. त्यानं फोन काढला आणि सरूबाईला लावला.

सरूबाई कुणाच्या तरी मळ्यात टोमॅटो तोडत होती, मागं बायकांचा गलका होता. गोरखनं इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हणाला, "सरूबाई, एक आठवतंय का सांगा. आई माठाच्या वर बोट ठेवायची म्हणाला होतात. वर म्हणजे नक्की कुठं?"

पलीकडचा गलका लांब गेला. ती बाजूला गेली असावी.

"आता काय इचारता, भाऊ."

"सांगा ना."

"त्या दारावर. ठकूबाईंच्या."

"मग तसं का नाय सांगितलं तुम्ही मला?"

"तसं कसं सांगनार?" सरूबाईचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुमच्या घरात त्यांचं नाव घ्याची चोरी. मी बाहेरची बाई, मी कुटं मधी पडू? म्हनून माठाच्या वर म्हनलं. मला वाटलं, तुमी फोटू काडलाय, तुमाला ठावं आसंल माठाच्या वर काय हाय ते. मंग तुमी आला आन तितंबी पानीच केलं. मी म्हनलं, भाऊंच्या मनात न्हाई. मंग मी बी गप ऱ्हायले."

बरं, म्हणून गोरखनं फोन ठेवला. म्हणजे सरूबाईनं इतके दिवस त्याला काय समजलं होतं? मरणाच्या दारातल्या आईनं जावेला बोलावलं आणि लेकानं जाणूनबुजून तिच्या तोंडात पाणी ओतलं, असं. आणि आईनं? त्यानं 'कुठंही दाब, चुकणार नाय' म्हणून तिचा हात धरून दाखवलं, तेव्हा आईनं काय समजावं? तिनं बोटानं मागितलं होतं, तेही कित्येक दिवस, चिडून, रडून. त्यावर लेक मुद्दाम मंचरवरून आला आणि ते दार बंद करून गेला. मग तिनं पेला तोंडाला लावून घेतला, जशी मोटारसायकलवर गप्प झाली होती तशीच. त्याला रडू आलं नाही. आपण किती नीटनेटकं काम करतो याचा आयुष्यात पहिल्यांदा तिटकारा आला.

सरांना काहीतरी सांगून तो निघाला. कशासाठी निघालोय याचा विचार त्यानं मुद्दामच केला नाही. नारायणगाव गेलं, ओझरचा फाटा गेला, ओतूरच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना काढलेल्या कांद्याच्या रेघा वाळत पडल्या होत्या. गाडी चालवताना तो वाक्यं जुळवत होता. काकू, माझं चुकलं. काकू, आईनं तुला बोलावलं होतं. आधी कोणतं म्हणायचं? पहिलं चौदा वर्षं उशिरा होतं, दुसरं दहा महिने. एकदा त्याला वाटलं, तिला हे कळून तरी काय होणार, गाडी वळवावी. पण आपण सांगितलं नाही तर हे फक्त आपल्यापाशीच राहील, आणि ते एकट्यानं सांभाळण्याइतकी आपली छाती नाही, हेही त्याला समजत होतं. तो वळला नाही.

स्वतःच्या घराचं कुलूप न काढता तो भिंतीला वळसा घालून पलीकडं गेला. ठकूकाकू उंबऱ्यात बसून लसणाच्या जुड्या बांधत होती. केस सगळे पांढरे झाले होते. तिनं वर बघितलं, ओळखलं, आणि हातातली जुडी पुरी बांधून झाल्यावरच म्हणाली, "ये."

तो खाली मातीत बसला. ठरवलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "काकू," तो म्हणाला, "त्या दिवशी, हळदीला, मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय," काकू म्हणाली. "पायजे व्हतं."

एवढंच. बाळा म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. तिनं पुढची जुडी घेतली. मग गोरखनं तिला सांगितलं. टॅब काय होता, चौकोन कसे असतात, आईचं बोट कुठं पडायचं, सरूबाईनं काय सांगितलं, आपण काय केलं. सांगताना तो एकदाही थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं सांगता आलं नसतं. शेवटी त्यानं मोबाइलवर फोटो उघडला, दोन बोटांनी मोठा केला आणि तिच्यासमोर धरला. तिनं पदरानं हात पुसले, मोबाइल हातात घेतला आणि डोळ्यांपासून लांब धरून बघितला.

"ही मीच ना?"

"तूच."

"रोज उभी ऱ्हायाचे," ती म्हणाली. "सकाळच्या पारी सरूबाई तिला उठवून बसवायची, तवा. मला वाटायचं, आक्का हाक मारंल. तिला बोलता येत न्हाई ते ठावं व्हतं की, तरी वाटायचं. ती माज्याकडं बगायची आन डावा हात असा वर करायची." काकूनं आपला डावा हात उचलून दाखवला, बोट पुढं केलेला. "मला वाटायचं, जा म्हनती. आजून राग हाय म्हनती. मंग मी आत यायचे. दुसऱ्या दिशी पुन्ना उभी."

अंगणात ऊन तापलं होतं. इथून पंधरा पावलांवर पडवीतली खाट दिसत होती, गादी गुंडाळून ठेवलेली. भिंतीला मध्ये फाटकसुद्धा नव्हतं, लहान पोर पाय टाकून ओलांडेल एवढीच ती होती. काकू तिकडं बघत राहिली.

"तिची तर वाचा गेली व्हती, गोरख," ती म्हणाली. "माजी कुटं गेली व्हती?"

गोरखला तेव्हा कळलं, आपण काय करून बसलो ते. आजवर या बाईकडं निदान राग होता, आक्काचा राग गेला नाही एवढं एक दुःख होतं, आणि त्यावर तिनं दहा महिने काढले होते. तेही त्यानं येऊन काढून घेतलं होतं, आणि त्या जागी हे ठेवलं होतं. त्याला काही करून ते परत उचलून घ्यायचं होतं.

"काकू, तुझी नाय गं चूक," तो घाईघाईनं म्हणाला. "सगळी माझी आहे. हळदीपासून सगळी. तू असं मनाला लावून घेऊ नकोस."

काकूनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. लसणाची पाती पुन्हा हातात घेतली, पण बांधली नाही.

"तुजी तर हायेच," ती म्हणाली. "पन माजी माज्याकडं ऱ्हाऊ दे."